आधी खांदा हलतो

रंगमंचावर दोरांनी बांधलेली बॉक्सिंगची रिंग होती आणि तिच्यात दोघं नाचत होती. तो हातमोजे घालून, ती घुंगरू बांधून. त्याचा ठोसा तिच्या गालापासून वीतभर अंतरावर थांबायचा, त्याच क्षणी विंगेतून पखवाजावर थाप पडायची आणि ती गिरकी घेत कोसळायची. तिला लागत काहीच नव्हतं, तरी प्रत्येक थापेला माझे डोळे मिटत होते.

शेजारी शैलामावशी बसली होती. ती सासर सोडून आमच्याकडे राहायला आली, त्याचं कारण घरात कुणीच विचारलं नाही. मलाही कधी जमलं नाही.

"ही त्याच्या मुठीकडे बघतेय," ती हळूच म्हणाली. "खांद्याकडे बघायला हवं. आधी खांदा हलतो."

"तुला कसं माहीत?"

"नाटक बघ गं. नंतर मलाच विचारशील, काय झालं म्हणून."

पुढचं नाटक मला फारसं आठवत नाही. अजूनही कुठे दार आपटलं की पखवाज तेवढा ऐकू येतो.

बाहेर आलो तेव्हा तिचा गजरा सुटून लोंबत होता. तो नीट करायला मी हात उचलला. मावशीने आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं.