वरच्या बेडवरचं कोर्ट

अख्ख्या सौदी अरेबियात रोज संध्याकाळी कोर्ट भरवणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्याच डोक्यावर झोपायचा. तबूकच्या कॅम्पात मला खालचा बेड मिळाला होता, वरचा त्यांना; म्हणून आम्ही सगळे त्यांना ‘वरचे भाऊ’ म्हणायचो. एसीचे डक्ट बसवणारा सिंधुदुर्गातला माणूस. ड्युटीवरून बस परतली की लोक आंघोळीच्या रांगेत धावायचे. हे मात्र इस्त्रीचा शर्ट चढवून, भाताच्या रिकाम्या टोपात मोबाइल उभा करून बसायचे. टोपात ठेवल्यावर आवाज घुमतो म्हणे. आम्ही मेल्यांनी भात कशात शिजवायचा, ते सांगायला मात्र कोणी नव्हतं.

त्यांच्या तालुक्यात एक मुलगा आणि एक मुलगी एका खोलीतून इंटरनेटवर रेडिओ चालवायची. विधानसभेत त्या भागाबद्दल काही बोललं गेलं तर ते, नाहीतर कोर्टातलं कामकाज. कोर्टात रेकॉर्डिंग करायला मनाई, म्हणून मुलगी दिवसभर आत बसायची आणि संध्याकाळी कोण काय बोललं ते जसंच्या तसं सांगायची, स्वतःचं मत एका शब्दानं न मिसळता. ‘‘आमचो रेडिओ आरोपीचो पण नाय, सरकारचो पण नाय,’’ भाऊ छाती फुगवून सांगायचे. ‘न्यायाधीश आसनस्थ झाले’ असं मुलगी म्हणाली की भाऊ ताडकन उभे. मी एकदा त्या वेळी शिंकलो, तर म्हणाले, ‘‘गप ऱ्हव रे मेल्या, कोर्ट बसला हा!’’ आमच्या खोलीतला पठाण ड्रायव्हर मराठीचं अक्षर न कळता शेजारी बसून विचारायचा, ‘‘जज साब क्या बोला?’’ साइटवर फोरमननं काम का रखडलं विचारलं, तर भाऊ गंभीर चेहऱ्यानं पुढची तारीख मागायचे. फोरमन ‘खलास!’ म्हणून डोक्याला हात लावायचा.

खटला त्यांच्याच गावचा होता. सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळमाळाची, जमीन एका प्रकल्पासाठी मोजायला सरकारी माणसं आली तेव्हा गावातल्या बायका रस्त्यात आडव्या झाल्या, म्हणून सरकारी कामात अडथळा आणल्याची केस. मला वाटायचं, आहे हौस माणसाला, दुसरं काय! एका संध्याकाळी मुलीनं आरोपींची नावं वाचली आणि एका नावाला भाऊंनी मान खाली घातली. मी विचारलं, ‘‘वहिनी?’’ ते नुसते हुं म्हणाले.

आता आम्हा गल्फवाल्यांची एक रीत आहे. घरची वाईट बातमी इकडे कळवायची नाही. छप्पर उडून जावो, फोनवर ‘सगळं बरंय’. आम्हीही तसलेच; हात भाजून फोड आला तरी इकडून ‘सगळं बरंय’. वहिनींनी केसबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि भाऊंनीही रेडिओ ऐकतो हे सांगितलं नव्हतं. बायको कोर्टात काय बोलली, उलटतपासणीत कशी ठाम राहिली, सगळं त्यांना त्या टोपातून कळायचं. निकालाची तारीख लागल्यावर मी चिडून म्हटलं, ‘‘अहो, सुट्टी टाका आणि जा ना!’’

‘‘काय सांगान जातलंय? तिका कळतला, माका सगळा म्हायत आसा.’’

निकालाच्या संध्याकाळी पठाणही न सांगता उभा राहिला. मुलीनं सांगितलं, सगळ्या दोषी. काही महिन्यांची कैद. शिक्षेआधी न्यायाधीशांनी प्रत्येकीला विचारलं, काही सांगायचं आहे का? कोणी लेकरांचं सांगितलं, कोणी दुखण्याचं. वहिनींचं नाव आलं. मुलीचा धर्म जसंच्या तसं सांगण्याचा, तिनं तो पाळला. वहिनी म्हणाल्या होत्या, ‘‘माझो घोव परदेशात आसा. ह्या त्येच्या कानार घालू नकात. तो थंय एकटो आसा.’’

अपिलापर्यंत जामीन मिळून सगळ्या घरी गेल्या, हेही पुढे सांगितलं गेलं. भाऊ तोवर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग त्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि घरी फोन लावला. खोलीत आवाज नव्हता, पलीकडचंही ऐकू येत होतं.

‘‘दिसभर फोन खंय होतो तुझो?’’

‘‘शेजारच्या चेडवाच्या हळदीक गेल्लंय.’’

‘‘बरा. जेवणाक काय होता?’’

वहिनी जरा अडखळल्या. ‘‘वडे… नि काळ्या वाटाण्याचा सांबारा.’’

‘‘पोटभर जेवलंस मां?’’

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग ‘‘जेवलंय.’’

देवा, मला त्या दोघांचा असा राग आला आणि असं रडू फुटलं, की मी चप्पल न घालताच बाहेर पडलो. पुढे भाऊंची बदली दुसऱ्या शहरातल्या एका हॉटेलच्या कामावर झाली, मी रियाधला अल मलाझमध्ये आलो. वहिनींच्या अपिलाचं काय झालं, विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. पण घरून फोन आला आणि आई ‘सगळं बरंय’ म्हणाली, की मी फोन ठेवत नाही. आज जेवायला काय होतं, ते विचारतो, आणि उत्तराला किती वेळ लागतो ते ऐकत राहतो.