टेलिफोनबाई आणि गाडीवरचा कर्णा

गावात त्यांना सगळे टेलिफोनबाई म्हणत. बावीस वर्षं त्या एक्स्चेंजमध्ये होत्या. फोन उचलला की आधी त्यांचाच आवाज यायचा, "बोला, कुठला नंबर देऊ?" चेहरा फारसा कुणाच्या लक्षात नव्हता, पण भाजीवाल्यापुढे नुसतं "अर्धा किलो द्या" म्हटलं तरी चार माना वळायच्या. एका म्हाताऱ्यानं तर भर रस्त्यात थांबवून त्यांना सवयीनं लेकाचा नंबर सांगितला होता. बाई पोट धरून हसल्या होत्या तेव्हा.

लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत दादा, वहिनी, भाची आणि बाई अशी चार माणसं राहत. परदेशी ट्रंककॉल जोडता जोडता पलीकडच्या ऑपरेटरणींकडून त्यांनी ती परकी भाषा उचलली होती. व्याकरण कच्चं होतं, पण कान पक्का.

मग लढाई आली. तारा तुटल्या, एक्स्चेंजला कुलूप लागलं, आणि तीच भाषा बोलणारं सैन्य गावात येऊन बसलं. छावणीला दुभाषी हवे होते.

"जाऊ नकोस," दादा म्हणाला. "हे आज आहेत, उद्या नाहीत. आपल्याला इथंच राहायचंय."

"एखादीचा नवरा धरून नेला तर तिनं काय हातवारे करून सांगायचं?" बाई म्हणाल्या. दादानं कात्री उचलली आणि पुढ्यातलं कापड कापायला घेतलं.

पहिला कप्तान तापट होता, पण त्याला गाव कळत होतं. त्यानं बाईंना मागच्या खोलीत बसवलं. लोकांचे अर्ज आत येत, बाई ते परक्या भाषेत उतरवत आणि उत्तरं लिहून बाहेर पाठवत. गावात दवंडी द्यायची असली की मजकूर त्या लिहून देत आणि एक शिपाई तो गाडीवरच्या कर्ण्यातून वाचे. त्याच्या तोंडी 'पूल बंद आहे'चं 'फूल बंद आहे' व्हायचं. पोरंटोरं गाडीमागून "कुठलं फूल?" म्हणून ओरडायची. शेजारच्या टेबलावर बसणारे दुसरे दुभाषी, गणिताचे मास्तर, मिश्कीलपणे म्हणत, "बाई, हसू द्या त्यांना. हसतात तोवर आपण सुखरूप."

आठ महिन्यांनी कप्तानाची बदली झाली आणि नवा मेजर आला. इस्त्रीचे कपडे, टेबलावर एकही कागद इकडचा तिकडे नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं दोघांना बोलावलं.

"लोक आपल्या घोषणांना हसतात," तो म्हणाला. "यापुढं दवंडी तुम्ही द्यायची. मास्तर बाजारात उभे राहून वाचतील, बाई गाडीतून. आणि तोंडावर फडकी बांधायची नाहीत. आपण चोर नाही."

"साहेब," बाई म्हणाल्या, "माझं तोंड झाकलं काय, उघडं ठेवलं काय, सारखंच. माझा आवाज अख्ख्या गावाला पाठ आहे."

मेजरचा चेहरा उजळला. "मग तर फारच छान! ओळखीच्या आवाजावर विश्वास बसतो."

बाईंना वाटलं, आपलं व्याकरण चुकलं. त्यांनी तेच पुन्हा सावकाश, दुसऱ्या शब्दांत सांगितलं. पण त्याला पहिल्या वेळेसच नीट समजलं होतं.

"निदान आम्हाला राहायला छावणीत जागा द्या," मास्तर म्हणाले.

"स्थानिक माणसांना आत राहू देण्याचा नियम नाही."

पहिली घोषणा गिरणीमागच्या वस्तीसाठी होती. उद्या दुपारपर्यंत सगळी घरं रिकामी करा. बाई ताडपत्रीखाली बसल्या होत्या. माईक हातात घेताच बावीस वर्षांची सवय आड आली आणि तोंडून आधी "बोला" एवढंच निघालं. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. दळण घेऊन निघालेली एक बाई डोक्यावरचा डबा सावरत ताडपत्रीकडं बघू लागली. कुणी हसलं नाही. बाईंनी मजकूर तीनदा वाचला, स्पष्ट, एकही अक्षर न गिळता. वाईट वाचायचं त्यांना जमेना.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्यानं पाव बांधून दिला आणि खाली मान घालूनच म्हणाला, "काल आवाज छान लागला हो तुमचा." त्याची बहीण गिरणीमागं राहायची.

त्या दिवसापासून बाई दिसल्या की बोलणं थांबायचं. त्या भाजीकडं बोट दाखवायच्या आणि पैसे ठेवून निघायच्या. दुकानात कपडे टाकायला येणारी माणसं तुटली. कुणीतरी दाराच्या फटीतून कागद सरकवला. त्यावर बाईंचं नाव होतं आणि खाली नुसती एक रेघ. वहिनीनं तो चुलीत घातला, पण भाचीनं आधीच वाचला होता.

बाराव्या दिवशी सकाळी मास्तर सायकलला कुलूप लावत होते, स्वतःच्याच दारात. दोन गोळ्या लागल्या.

मेजरनं त्यांच्या बायकोला सांत्वनाचं पत्र लिहिलं आणि ते भाषांतराला बाईंकडं आलं. 'हल्ल्याचं कारण समजू शकलेलं नाही,' असं त्यात होतं. बाईंनी बराच वेळ त्या ओळीवर पेन धरून ठेवलं. मग ती होती तशीच उतरवली. शेजारचं टेबल आवरलेलं होतं. मास्तरांचा चष्मा पुसायचा कपडा तेवढा खुर्चीच्या पाठीवर राहिला होता. तो पर्समध्ये टाकून त्या फाटकाबाहेर पडल्या, त्या परत गेल्या नाहीत.

"मी जाते," घरी येऊन त्या म्हणाल्या.

राहा, असं दादा म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. दादा म्हणाला, "पोरगी आहे गं घरात." तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले आणि स्वतःच्या हातानं त्यांची पिशवी बांधली. वहिनीनं आपली लोकरीची शाल वर ठेवली.

सिमेंटच्या ट्रकमधून बाई दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका मोठ्या शहरात गेल्या. तिथं रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायचं काम मिळालं. गावाकडची बरीच माणसं त्या शहरात पांगली होती. कोण कुठं भेटेल याचा नेम नव्हता. म्हणून बाईंनी बोलणंच टाकलं. मान हलवायची, बोटं दाखवायची. सोबतच्या बायका त्यांना मुकी मावशी म्हणू लागल्या. त्या भल्या होत्या, जेवताना आपल्या डब्यातलं काढून द्यायच्या आणि त्यांच्यासमोर नवऱ्यांच्या चहाड्या बिनधास्त करायच्या. कधी कधी इतकं हसू यायचं की बाई वाफेच्या यंत्रामागं जाऊन उभ्या राहायच्या.

सैन्य निघून जाताना दुभाष्यांना आपल्या देशात नेणार, असं कळलं. बाईंनी अर्ज धाडला. चार महिन्यांनी उत्तर आलं. 'अर्जदार कामावरून स्वतःहून गैरहजर राहिल्यामुळे अपात्र.' भाषांतराची गरज नव्हती. दोनदा वाचून त्यांनी तो कागद गादीखाली सरकवला. मेजरला बढती मिळाल्याचं पुढं वर्तमानपत्रात आलं होतं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात त्यांच्यासाठी फोन येतो. दुकानात गिऱ्हाईक असतंच. बाई रिसीव्हर कानाला लावून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहतात. भाची घडाघडा सांगत सुटते. वहिनीचे गुडघे दुखतात. दादाच्या दुकानात मुलांचे गणवेश शिवायला आलेत. तिला स्वतःला अजून नोकरी लागायची आहे.

"हं," बाई म्हणतात. फार तर "हं हं."

तिच्या मागं शिलाईचं मशीन थांबल्याचं ऐकू येतं. दादा विचारतो, "काय म्हणते आत्या?"

"काही नाही, बाबा. ऐकतेय."

"बरी आहे ना, विचार."

"आत्या, बाबा विचारतायत, बरी आहेस ना?"

दुकानदार पुड्या बांधत असतो. बाई मान डोलावतात, आणि तिकडं ते दिसत नाही हे लक्षात येऊन पुन्हा एकदा "हं" म्हणतात.