आनंदाच्या रविवारी मारलेली थाप

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, धरणगावच्या बहिणीपाशी नाही — आणि फादरांपाशीही नाही. दर नाताळाआधी आम्ही सगळे पापं कबूल करायला चर्चमध्ये रांग लावतो. मीही लावते. राग केला, शेजारणीची निंदा केली, एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, चुकवली — असली चिल्लर पापं जाळीपलीकडे बसलेल्या फादरांकडे सरकवते आणि सुटल्यासारखी बाहेर येते. हे मात्र घशाशी येतं नि परत खाली जातं. तुम्ही ऐकाल? मध्ये बोलू नका फक्त, नाहीतर मी पुन्हा गप्प बसेन.

एक आधीच सांगते, नाताळाची तयारी मला जिवापाड आवडते. धुळ्याची थंडी पडायला लागली की माझ्या अंगात वारं शिरतं. मैदा-तूप घेऊन बेकरीत नानकटाई पाडून आणायची, करंज्यांचं सारण भाजायचं, चर्चमधला येशूजन्माचा गोठा उभारायचा. गोठ्यावर बर्फ म्हणून भाऊ धरणगावहून धाडतो तो कापूस पसरायचा. आमच्यात खरा बर्फ पाहिलाय कुणी? सरकी काढता काढता बोटं दुखतात, पण ते दुखणंही मला गोड लागतं.

अक्का — माझ्या सासूबाई — माझ्याहून वेड्या होत्या. मूळच्या सोनगीरकडच्या, शेवटपर्यंत अहिराणीच बोलल्या. अख्ख्या चर्चमधल्या लेकराबाळांचे वाढदिवस त्यांना तोंडपाठ. नाताळच्या मिस्सेला गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवतात, तिचं नवं झबलं दर वर्षी अक्का हातानं शिवायच्या. टाके तांदळाएवढे. एक बाही आखूड, गळा तिरका. मी शिवणाचे क्लास घेते हो! माझ्या हाताखालून निम्म्या गल्लीच्या पोरी शिकून गेल्यात — आणि देवाच्या अंगावर दर वर्षी ते ध्यान.

पण झबल्याचं काय घेऊन बसलेय मी? झबलं वाईट होतं म्हणून काही बिघडलं नव्हतं.

नाताळाआधीच्या चार रविवारांतला तिसरा. त्या दिवशी चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लावतात, आनंदाचा रविवार म्हणतात त्याला. मिस्सा सुटल्यावर बायांनी अक्कांना घेरलं. अक्कांच्या हातचं झबलं पाहिल्याशिवाय नाताळ वाटतच नाही, असं जी ती म्हणत होती. अक्का हसत होत्या. तोंडात दात नाहीत, पण चेहरा असा उजळलेला की — मला बघवेना. एवढं साधं आहे ते. मला त्यांचा आनंद बघवला नाही.

संध्याकाळी त्या ओट्यावर अर्धं झालेलं झबलं घेऊन बसल्या होत्या. मी चहा दिला आणि माझं तोंड आपोआप बोललं, की यंदा मुंबईहून कुणीतरी बाळाचे कपडे पाठवलेत, फादर म्हणाले अक्कांना त्रास नको. ठरवलं नव्हतं. कपबशी ठेवेपर्यंत मलाही माहीत नव्हतं मी हे बोलणार आहे. अक्कांनी सुई कापडात खोचली. म्हणाल्या, "चांगलंच शे मंग. बाळले भारी कपडा भेटतीन."

दुसऱ्या दिवशी मी फादरांना सांगितलं, अक्कांना आता दिसत नाही, यंदा मी शिवते.

आणि शिवलं. पांढरं साटीन, बारीक लेस, बाह्या जिथल्या तिथे. मशीन चालवताना मी गाणी म्हणत होते. लग्नातही मला इतका आनंद झाला नव्हता. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. खोटं बोललेल्या बाईला असा आनंद होतो? मला झाला.

नाताळच्या मिस्सेनंतर बाळ येशूच्या पायाचं चुंबन घ्यायला रांग लागते. अक्का माझ्या पुढे होत्या. त्यांनी वाकून पाय चुंबले, झबल्यावरून बोट फिरवलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "मुंबईवालास्नं काम भारी शे, फादर."

फादर हसले. "मुंबईचं कुठलं, अक्का? तुमच्या सूनबाईंनीच शिवलंय."

अक्कांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. सगळं त्यांना कळलं, मला दिसलं ते. आता या भरल्या चर्चमध्ये बोलतील — बोलायलाच हवं होतं त्यांनी. त्या फादरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हा, सांगेल व्हतं तिनी. मना ध्यानमाच नही राह्यनं."

मला वाचवायला त्यांनी स्वतःला विसराळू करून घेतलं.

इथवरचं मी कदाचित फादरांना सांगू शकले असते. पुढचं नाही. मागच्या बाईनं मला हळूच विचारलं, "अक्कांना विसर पडायला लागला का गं?" आणि मी — मूर्तीसमोर, चुंबनाला वाकता वाकता — म्हणाले, "हो. हल्ली फार विसरतात."

तेवढं पुरलं. घरोघरी जपमाळेची प्रार्थना अक्का सांगायच्या, ती दुसऱ्या बाईकडे गेली, कारण अक्कांचे मणी चुकतील. नवऱ्यानं त्यांना गॅसपाशी जाऊ देणं बंद केलं. लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायला लागले. अक्का मान डोलवायच्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की मला सगळं आठवतं. घरात आम्ही दोघीच असलो की कुठल्या डब्यात काय आहे ते बिनचूक सांगायच्या. मी वाट पाहायची, आज बोलतील, आज शिव्या देतील. चार लोक आले की पुन्हा विसराळू. माझं खोटं त्यांनी मरेपर्यंत अंगावर वागवलं, आणि मी वागवू दिलं.

आता त्या नाहीत. झबलं मीच शिवते. गुलाबी मेणबत्ती लागली की कापड काढते, आणि दर वर्षी वाटतं, यंदा काही गोड वाटणार नाही. पण मशीन सुरू झालं की आनंद होतो. खरा, पोटातून येणारा. यंदाही झाला.