झडती अक्का

आमच्या आळंद गावात लग्नाच्या मुलाची होत नसेल एवढी चौकशी झडती अक्का पोरांना चेंडू टाकायला येणाऱ्या माणसाची करायच्या. कन्नड शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी बाजारामागच्या समाजमंदिरात संध्याकाळचा खेळवर्ग सुरू केला. बुद्धीनं मागं राहिलेली मुलं आणि घरात एकटी पडलेली म्हातारी माणसं तिथं येत. मदतीला येणारे हौशी लोकही पुष्कळ. पण अक्कांनी पारखल्याशिवाय कुणाचा पाय उंबऱ्याच्या आत पडत नसे. म्हणून तर हे नाव पडलं.

शिफारशीला त्या हिंग लावून विचारत नसत. "वळखीच्या माणसाचं नाव तो सोताच देतो, मग ते चांगलंच बोलणार की!" असं म्हणत भर दुपारी त्या माणसाच्या गल्लीत जायच्या आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून घरच्या बाईबरोबर तूर निवडायला लागायच्या. तोंडानं पिकापाण्याच्या गप्पा, डोळे मात्र खेळणाऱ्या पोरांवर. एकदा एका पुढाऱ्याचा रुबाबदार भाचा मदतीला यायला निघाला, वर समाजमंदिराला पंखे देतो म्हणाला. अक्कांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. आम्ही कुरकुरलो, तर म्हणाल्या, "पंखे ऱ्हाऊ द्या. त्याला बघून त्याच्या गल्लीतली लेकरं घरात शिरायलीत. मला तेवढं बास."

हे मी कौतुकानं सांगतेय असं वाटत असेल, तर चुकताय. मला त्या बाईचा भयंकर मत्सर वाटायचा. कारण माझी रेणू. वयानं बाविशीची, समजेनं पाच वर्षांची. घरात कंगवा दिसला की गल्ली डोक्यावर घ्यायची. आणि तिथं अक्कांपुढं मांडी घालून, मान खाली करून मुकाट वेणी घालून घ्यायची! जन्म मी दिला, तिच्या दुखण्याखुपण्यात जागले मी, आणि लाडाची कोण? तर अक्का! अंगाची नुसती आग व्हायची.

शेवटी मीही मदतीला येते म्हणाले. तेवढीच रेणूजवळ राहीन, हा माझा डाव. तर अक्कांनी माझीसुद्धा झडती घेतली, तीही माझ्याच शेजारणीच्या ओट्यावर बसून! पास केलं, पण टाकलं म्हाताऱ्यांच्या गटात. "आपलं लेकरू आपल्या गटात न्हाई सुमन. मग बाकीच्या लेकरांवर ध्यान ऱ्हात न्हाई," म्हणाल्या. मी इकडं चौकाबाऱ्याच्या कवड्या टाकत बसायची आणि तिकडून रेणूचं खिदळणं ऐकायची. अशी किती वर्षं गेली!

मग गेल्या उन्हाळ्यात अक्कांनी मला बाजूला घेतलं. "सुमन, उद्या माझ्या गल्लीत जाऊन ये."

"कामून?"

"माझी झडती घे. हल्ली मला इसरायला हुतंय. बाकीचे सगळे माझ्या मायेतले, झाकून घेतील. तुला मी आवडत न्हाई. तू खरं सांगशील."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण गेले. अक्कांच्या शेजारणीबरोबर तूर निवडत बसले. ती हळूच म्हणाली, "गॅस चालू ठिवून बाजारात गेल्त्या. अन् परवा गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून मलाच विचारल्या, माझं घर कंचं गं म्हणून." तेवढ्यात अक्का आल्या आणि गल्लीतली सगळी पोरं "अक्का, अक्का" करत त्यांच्याकडं धावली. ज्या बाईचं आसन हलावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते, ती आता माझ्या एका शब्दावर घरी बसणार होती. मला आनंद व्हायला हवा होता. तूर निवडता निवडता मी रडत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. "लेकरं पळत आली अक्का. पण आता ती तुमच्या भरवशावर सोडता यायची न्हाईत."

अक्का "व्हय, बराबर हाय," म्हणाल्या आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "मग मी घरी बसू?"

"घरी कामून? माझ्या म्हाताऱ्यांच्या गटात या की!"

आता त्या रोज येतात. शेजारीण आणून सोडते. खेळ सुरू झाला की रेणू आपल्या गटातून पळून येते, अक्कांच्या पाठीशी बसते आणि त्यांच्या पांढऱ्या विरळ केसांची वाकडीतिकडी वेणी घालते. अक्का मान खाली घालून मुकाट बसतात. मधेच माझ्याकडं बघून विचारतात, "बाई, ही कुणाची लेक गं? लई गुणाची हाय."

"माझी," मी ठासून सांगते.

रेणू लगेच जोरजोरात मान हलवते. "अक्काची!" म्हणते.

अंगाची अजून तशीच आग होते.