महाराजांची खोली
शहाण्णवच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेमध्ये माझ्या ओळखीच्या एका ताईवर अन्याय झाला, आणि तो करणारी माणसं सज्जन होती. कुठे चंदनाची उदबत्ती लागली की मला सत्संग भरवणाऱ्या त्या काका-काकूंच्या घराचं बेसमेंट आठवतं. सत्संग संपून खिचडी वाढली जात होती, तेव्हा ताई बॅग घेऊन आली. नवऱ्याने मारल्याने ओठ सुजला होता. "काकू, दोन दिवस राहू द्या," एवढंच म्हणाली. काकांनी समजावलं, "बेटा, हा आत्म्याचा प्रवास आहे. मागचं इथे फेडायचं. पळालीस तर पुढच्या जन्मी पुन्हा तेच." मी विचारलं, "काका, वरची खोली रिकामीच आहे ना?" काकू दचकल्या. "अगं, ती आपल्या गुरुमहाराजांची. वर्षातून एकदाच येतात, पण सोवळ्यात ठेवावी लागते." माझ्या कॉलेजच्या डॉर्ममध्ये पाहुण्यांना बंदी होती. शेवटी ताईच म्हणाली, "जाऊ दे गं, माझंच कर्म." काकांनी तिला गाडीने नवऱ्याच्या दारात सोडलं, वर प्रसादाचा डबा दिला. ती पुन्हा कुणालाच दिसली नाही. सत्संग अजून भरतो, खोली अजून बंद आहे, आणि माझ्या लिहिण्याने ती उघडणार नाही हे मला कळतं. तुमच्या घरात अशी खोली असेल, तर कर्म नंतर समजावा. आधी दार उघडा.