हीटर जळालेली जीप

वारंगा फाट्यावर मिस्त्रीने माझ्या गाडीचा हीटर प्लग बॅटरीला लावून पाहिला. टोक लालभडक झालं, जळक्या डिझेलचा वास आला आणि लहानपणीचा तो दिवस आठवून माझं डोकंच फिरलं.

सेनगावकडच्या आमच्या गावातली थंडीची सकाळ. पोटदुखीने कळवळणारी आई काकाच्या जीपमध्ये बसलेली. हा प्लग तापला तरच गारठलेल्या इंजिनात डिझेल पेट घेतं, आणि काकाचे प्लग कधीचेच जळालेले. म्हणून तो जीप आमच्या दारातल्या उतारावर लावायचा आणि घरंगळत सोडून चालू करायचा. पण धूर घरात येतो म्हणून बापाने भांडून ती सपाटीवर हाकलली होती. वर, "तुझ्या डबड्याला पुन्हा हात लावणार न्हाई," अशी शपथही घेतली होती.

"काहून चालू होऊन न्हाई राहिली?" बाप ओरडला.

"उतारावर असती तर झाली असती, दादा. आता लावा हात."

बाप हलला नाही. हापशावरच्या बाया धावल्या. पोट धरून आईही खाली उतरली आणि त्यांच्याबरोबर ढकलू लागली. जीप चालू झाली.

गाव अजून आईच्या हिमतीचं कौतुक करतं. लहानपणी मीही करायचो. आता मला फक्त हाताची घडी घालून उभा असलेला बाप दिसतो.