सुभेदारांचा झेड ड्राइव्ह

"आधी बघायचं, मग हात लावायचा," असं म्हणत सुभेदार दोन्ही हात पाठीमागं बांधून कॉम्प्युटरसमोर उभे राहायचे. जवानांची पाहणी करावी तसे. आम्ही क्लार्क मंडळी मागं तोंड दाबून हसायचो.

इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात, शेतकी विभागात मी क्लार्क. सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या या गृहस्थांकडे आमचे सगळे कॉम्प्युटर होते. हुद्दा सुभेदार, म्हणून नावही तेच पडलं. बंद पडलेल्या मशीनवर कुणी वैतागलं की ते आधी माणसाला उठवायचे. "उठा ताई. तुमी रागात हाय, ते घाबरलंय." तुमच्याही ऑफिसात असा कुणी असेल तर त्याला जपा.

त्या हंगामात ऊस लागणीची यादी नव्या मशीनवर गेली. कुणाचा ऊस आधी तोडायचा ते या यादीवरून ठरतं. जुनी, गेल्या वर्षीची यादी मात्र आमच्या पडद्यावर 'झेड ड्राइव्ह' म्हणून दिसतच होती, आणि हाताला सवय तीच उघडायची. सुभेदारांनी झेड काढून टाकला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला, तर स्वारी हजर! पुन्हा काढला, पुन्हा हजर. चिवट पाहुणा होता.

गुरुवारी एक जवान माझ्या टेबलापुढं आला. "मॅडम, माजी रजा रविवारी संपती. घरात आई एकटीच हाय. आमची तोड कवा?"

नव्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं. मी मात्र त्या आठवड्याच्या तोडचिठ्ठ्या, म्हणजे टोळीला द्यायचे ऊस तोडायचे हुकूम, झेडमधून काढल्या होत्या, आणि त्यात हा नव्हताच. मी धावत जाऊन सुभेदारांना घेऊन आले.

"आज मूळच काढतो," सुभेदारांनी चष्मा चढवला. "कुण्या शहाण्यानं करून ठेवलंय बघूच." तासभर शोधाशोध आणि शिव्या चालल्या. शेवटी एक चिमुकली फाईल सापडली. कॉम्प्युटर चालू झाला की ती आपोआप झेड जोडून द्यायची. फाईलच्या माथ्यावर करणाऱ्याचं नाव होतं. सुभेदारांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. आम्ही वाकून पाहिलं. नाव त्यांचंच! तीन वर्षांपूर्वी आमच्या सोयीसाठी त्यांनीच ती बनवली होती आणि साफ विसरले होते.

"म्हंजी तासभर मी मलाच शिव्या घालत व्हतो व्हय!" म्हणत ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग फाईल पुसून टाकली, तक्रारवही मागवली आणि 'दोष कोणाचा' या कायम कोऱ्या रकान्यात ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

"माझंही लिहा," मी म्हणाले.

"नगं ताई. खड्डा मी खणला, तुमी निस्त्या पडला."

नवी चिठ्ठी घेऊन ते स्वतः मोटरसायकलवरून तोडणी टोळीकडे गेले. शिपायाला का नाही पाठवलं, असं मी नंतर विचारलं. "माजी रजा सरली तवा आमचा ऊस उभाच व्हता. आईनं एकटीनं निभावलं. मी तिकडं चौकीवर बसून निस्ता इचार करत व्हतो." एवढं बोलून ते चहाला गेले.

शनिवारी संध्याकाळी जवानाची शेवटची ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर आली.

सुभेदार आता फलटणला लेकीकडे असतात. आमचे कॉम्प्युटर पुण्यात बसलेलं कुणीतरी दुरुस्त करतं. पडद्यावरचा बाण आपोआप फिरतो आणि पाच मिनिटांत काम होतं. तक्रारवही माझ्याकडे आली आहे. सुभेदारांच्या नावाखाली त्या रकान्यात ओळीनं एकच शब्द आहे: मशीन, मशीन, मशीन. अक्षर माझं आहे. त्यातल्या दोन वेळा तरी मशीनचा काही दोष नव्हता.